एका चोळीचा प्रवास

"मेहकरला आता आपलं आहे तरी कोण?" हा प्रश्न आमच्या पुण्याच्या घरात दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर निघतो, आणि दरवर्षी त्याच प्रश्नाच्या आडोशाने आम्ही कोकण नाही तर महाबळेश्वर गाठतो. गेल्या वर्षी मात्र सुटका नव्हती. नानीआजीचा फोन आला.

"माय, पोरं घर इकून राह्यले. माळ्यावरची पेटी तू घेऊन जाय. नाही तर मी चुलीत घालीन."

नानीआजी म्हणजे माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. वय वर्षे शहाऐंशी. नानाआजोबा जाऊन दोन वर्षे झाली. आणि ती पेटी कसली, हे मला पुरते ठाऊक होते. खरे दुखणे तेच होते.

मी दहा वर्षांची असताना एका दुपारी माळ्यावर चढले होते. पत्र्याच्या पेटीत सर्वांत वर एक फोटो होता. नऊवारी शालू, नाकात नथ, कमरेला पट्टा, आणि मान किंचित कललेली एक देखणी बाई. मी तो फोटो घेऊन खाली धावले आणि भर ओसरीत विचारले, "ही कोण?" आजोबांनी तो माझ्या हातातून हिसकावून घेतला. कुणी काही बोलले नाही. ओट्यावर नानाआजोबा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण शेंगा फोडायचे हात थांबले. ती बाई म्हणजे तेच होते, हे मला पुढे चुलतभावांच्या चेष्टेतून कळले.

पुढे मी एम.ए. झाले, महाविद्यालयात मराठी शिकवू लागले. संगीत रंगभूमी हा माझा आवडता विषय. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तिथून मी सुरुवात करते. शकुंतला आणि सुभद्रा होऊन उभे राहणारे भाऊराव कोल्हटकर येतात, आणि मग येतात नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. १९११ सालच्या 'मानापमाना'तली भामिनी, १९१६ च्या 'स्वयंवरा'तली रुक्मिणी, १९१९ च्या 'एकच प्याल्या'तली सिंधू. महाराष्ट्रातल्या बायका एका पुरुषाकडे पाहून पदर घ्यायला आणि केसांत फुले माळायला शिकल्या, हे सांगताना माझा आवाज आपोआप चढतो. मुले वह्या मिटून ऐकतात.

वीस वर्षे मी हे व्याख्यान देते आहे. आमच्या घरातही एक स्त्रीपार्टी होता, हे मात्र मी एकदाही बोलले नाही.

तेव्हा गेलो. मी आणि माझी लेक, दोघीच. लेक एकोणीस वर्षांची. तिने येण्याचे कबूल केले ते लोणारच्या सरोवरासाठी, पणजीसाठी नव्हे, हेही सांगून टाकते.

जालना मागे पडला की रस्ता बुलढाणा जिल्ह्यात शिरतो आणि पहिले मोठे गाव लागते ते सिंदखेडराजा. १५९८ साली जिजाबाईंचा जन्म जिथे झाला तो लखुजी जाधवांचा वाडा इथला. आम्ही तिथे थोडे टेकलो, हात जोडले आणि पुढे निघालो. दिवाळीचे दिवस. सोयाबीन निघून रानं मोकळी झालेली, तुरी फुलावर, आणि मधूनमधून कपाशीची बोंडे फुटून पांढरीफेक झालेली. या जिल्ह्याचे सोने म्हणजे कापूस. खामगावच्या कापसाच्या बाजारासाठी इंग्रजांनी १८७० साली जलंबपासून खास रेल्वेचा फाटा टाकला. त्याच खामगावची चांदीही नावाजलेली. कापूस आणि चांदीचा कमरपट्टा! ज्या वस्तूंसाठी मी निघाले होते त्या दोन्ही या मातीतल्याच, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नव्हते.

मेहकर पैनगंगेच्या काठी आहे. 'शीळ' लिहिणारे ना. घ. देशपांडे या गावचे, आणि गावाबाहेर एका नर्तकीच्या नावाने ओळखला जाणारा कंचनीचा महाल पडक्या अवस्थेत उभा आहे. नानीआजी ओट्यावरच बसली होती. धाब्याचे घर, पोपडे निघालेल्या भिंती. तिने आधी लेकीला जवळ ओढले, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि हात एकदम थांबवला.

"पोरी, पाठ दुखते का तुही? हे काय बांधलं?"

"काही नाही, आजी," लेक म्हणाली आणि पटकन बाजूला झाली. मी प्रवासाने दमले होते. मी ते ऐकून सोडून दिले.

रात्री रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी खाऊन झाल्यावर पेटी उघडली. फोटो नव्हता. तो त्या दिवशीच गेला असावा. पण बाकीचे सर्व होते, जुन्या लुगड्यात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले. वर एक जांभळ्या खणाची चोळी. आतून जाड मांजरपाटाचे अस्तर, पाठीला बंद. तिच्याखाली कापसाच्या दोन लांबट गाद्या, नाडीला शिवलेल्या. आणि एक पितळी कमरपट्टा, चांदीचे पाणी कधीच उडून गेलेला.

माझी लेक कपड्यांच्या बाबतीत चिकित्सक आहे. तिने चोळी उलटीसुलटी करून पाहिली. "आई, ही बघ, बाहीची शिवण खांद्यावर नाहीच. आत घेतलीय, गळ्याकडे."

"खांदे लहान दिसाले," नानीआजी म्हणाली. "गड्याचे खांदे रुंद. शिवण आत घेतली का नजर तिथंच थांबते. वरून पदर. मंग कोण पाहते खांदे?"

"आणि या गाद्या?"

"त्या कमरेच्या खाली, दोन्ही अंगाले. आपल्या वावरातला कापूस. पिंजून आणला व्हता."

मी इतकी वर्षे बालगंधर्वांवर बोलत होते, पण त्या रूपाच्या मागे शिवणीचा हा असा हिशेब असेल हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. मी पंडितीपणाने म्हटले, "म्हणजे कंबर आवळून बारीक करायची, आणि मग..."

नानीआजीने मला मध्येच तोडले. "आवळून कोण करते? आवळलं त गाईन कसं माणूस?"

त्या रात्री मी हेच घोळवत पडले. बाईचा कमनीय बांधा म्हटला की आपल्याला आवळणेच आठवते. युरोपात तर त्याचे शास्त्रच झाले होते. कापडाच्या घट्ट चोळीत देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्ट्या घालायच्या, पाठीमागे नाड्या ओढायच्या, आणि तिला म्हणायचे कॉर्सेट. १८२८ साली धातूच्या कड्यांची नाडीची भोके निघाली तेव्हा तर कापड फाटण्याचीही भीती उरली नाही. हव्या तेवढ्या जोराने ओढा! खालच्या बरगड्या दाबल्या जायच्या, श्वास छातीच्या वरच्या भागातच अडायचा, आणि बायकांना भोवळ येई ती त्यांच्या नाजूकपणाची खूण समजली जाई. १८८१ साली लंडनमध्ये शहाण्या बायकांनी याविरुद्ध एक संस्था काढली. पुढे १९१४ साली अमेरिकेत एका तरुण बाईने दोन रुमाल आणि फीत जोडून सुटसुटीत वस्त्राचे पेटंट घेतले, आणि हळूहळू तो पोलादी वेढा सैल झाला.

आणि आमची संगीत नाटके! पहाटेपर्यंत चालणारी, एकेका पदाला 'वन्समोअर' घेणारी. ज्याला बेंबीपासून श्वास घेऊन तान घ्यायची त्याला पोट बांधून कसे चालेल? बालगंधर्व तर उतारवयात चांगले स्थूल झाले होते, तरी रसिकांना रुक्मिणी दिसत होती. याचा अर्थ कंबर तिथे आवळून केलेली नव्हतीच. मग ती कुठून येत होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी शारंगधर बालाजीचे दर्शन घेतले. १८८८ साली जमिनीतून निघालेली ही काळ्या पाषाणाची विष्णुमूर्ती चांगली दोन पुरुष उंचीची आहे. इतके बारीक कोरीवकाम, की दागिन्यांचा सर न् सर मोजून घ्यावा. लेक बराच वेळ पाहत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "देवाचीसुद्धा कंबर किती बारीक आहे गं!"

मेहकरपासून लोणार वीस-पंचवीस किलोमीटर. सपाट रानातून जाताना पुढे काही असेल असे वाटतच नाही, आणि एकदम पायाखालची जमीन संपते. कधी काळी आकाशातून आलेल्या अशनीने काळ्या बेसॉल्ट खडकात मारलेला हा खड्डा जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. अलीकडच्या संशोधनाप्रमाणे तो साडेपाच लाख वर्षांहूनही जुना. तळाशी खारट पाण्याचे सरोवर. २०२० च्या जूनमध्ये या पाण्याचा रंग गुलाबी झाला आणि साऱ्या देशाला लोणारचे नाव कळले. आतल्या सूक्ष्म जीवांनी केलेली ती किमया होती.

काठावरून झाडीतून आम्ही खाली उतरलो. उतरताना काही वाटले नाही. वर येताना मात्र लेक मागे पडू लागली. मी पंचेचाळिशीची बाई पुढे, आणि रोज व्यायामशाळेत जाणारी मुलगी मागे! निम्म्या वाटेवर ती एका दगडावर मटकन बसली. ओठ पांढरे, श्वास वरच्यावर.

"काय होतंय?"

तिने बोलायचा प्रयत्न केला, आणि मग कुर्त्यावरून नुसता पोटावर हात ठेवला. मी हात लावून पाहिला. कुर्त्याच्या आत रबरी पत्र्यासारखे काहीतरी कडक लागले. 'वेस्ट ट्रेनर' म्हणतात त्याला. तिने तीन महिन्यांपूर्वी घरबसल्या मागवले होते, आणि आंघोळ आणि झोप सोडून दिवसभर घालत होती. वाट निर्मनुष्य होती. मी ओढणी आडवी धरली आणि तिने एकेक आकडी सोडली. शेवटची आकडी सुटली तेव्हा तिने जो श्वास घेतला, तो मला अजून ऐकू येतो. पोटावर आडव्या लाल रेघा उमटल्या होत्या.

मला रागवायचे होते. पण माझ्या तोंडून शब्द निघेना. तीन महिने माझ्याच घरात, माझ्या समोर बसून ही मुलगी निम्म्या श्वासावर जेवत होती, आणि नानीआजीच्या हाताला जे पहिल्या घटकेत कळले ते मला कळले नव्हते.

"काढलं की पुन्हा होतं तसंच होतं गं," ती रडत म्हणाली. "कायमचं काही होतच नाही."

"होणार नाहीच," मी म्हटले. बरगड्या आणि आतडी ही काही कणीक नव्हे, की दाबली तशी राहील.

काठावर येऊन गोमुखाची धार वाहते तिथे तोंडावर पाणी मारले, चहा घेतला, आणि गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात गेलो. चालुक्यांच्या काळातले हे विष्णूचे देऊळ. लवणासुराला मारणारा तो दैत्यसूदन, आणि त्याच असुरावरून गावाला लोणार नाव पडले अशी कथा. देवळाच्या भिंती सरळ नाहीत. तारकेसारखे कोन घेत त्या आत-बाहेर होतात, त्यामुळे प्रत्येक शिल्पाला स्वतःची सावली मिळते. बाहेरच्या भिंतींवर देवांच्या बरोबरीने सुंदर स्त्रियांच्या मूर्ती आहेत. कुणाचे नाक गेलेले, कुणाचा हात तुटलेला. पण ठेवण तशीच.

लेक आता मोकळ्या श्वासाने फिरत होती. एका मूर्तीपुढे उभी राहून तिने मला हाक मारली. "आई, गंमत बघ. यांतली एकही सरळ उभी नाही."

खरेच होते. आम्ही वर्गात 'त्रिभंग' हा शब्द शिकवतो, तोच हा. सारा भार एका पायावर, एक कुल्ला बाहेर, खांदा विरुद्ध बाजूला कललेला, मान पुन्हा पहिल्या बाजूला. म्हणून मधला भाग आपोआप बारीक दिसतो. दगडाला कोण आवळणार? शिल्पकाराने वर आणि खाली भरपूर दगड ठेवला आणि मधला वळवला. नानांच्या शिंप्याने खांद्याची शिवण आत घेतली, खाली कापूस ठेवला. हिशेब एकच. कंबर ही जणू स्वतःची अशी नसतेच. ती तिच्या शेजाऱ्यांच्या जिवावर उभी असते. युरोपातल्या बायकांनीही १८५० नंतर घागऱ्याखाली मोठाले पिंजरे बांधले तेव्हा त्यांना हेच उमगले असणार. पण नाड्या सोडायचे मात्र सुचले नाही.

संध्याकाळी मेहकरला परत आलो. लेकीने आपणहून ती रबरी वस्तू नानीआजीपुढे ठेवली. आजीने ती बोटांनी ताणून पाहिली, सोडली. फट्कन आवाज झाला. आजी हसली.

"बैलाच्या तंगासारखं आहे व."

मग मी ते विचारले जे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी विचारायला हवे होते. "आजी, नानांची चाल कुठून आली गं? चोळी शिंप्याने दिली. पण चाल?"

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लोकं म्हणत, काय कंबर आहे नानाची! ते कंबर माही व्हती."

आणि तिने सांगितले. ती लग्न होऊन आली तेव्हा नाना दोन वर्षांपासून काम करत होते, पण चालणे नाटकी होते. गड्याने बाईची नक्कल करावी तसे. शहरात १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' आली आणि बायकांची कामे बायका करू लागल्या. पण ते शहरात. इथे गावच्या हौशी मंडळात बाई कुठून आणणार? एक दिवस ती पैनगंगेवरून घागर घेऊन येत होती आणि मागे पाहते तो नाना. दुसऱ्या दिवशीही. गावातल्या बायका हसायच्या, नवरा बायकोच्या मागे मागे फिरतो म्हणून. तिला वाटले संशय घेतात. रात्री तिने विचारले तेव्हा नाना म्हणाले, "भरल्या घागरीनं तू डावीकडं झुकतं, तवा उजवा पाय कसा टाकतं, ते पाहून राह्यलो."

"मंग मीच शिकवलं," आजी म्हणाली. "या खोलीत, कंदील बारीक करून. चोळीचे बंदही मीच बांधो. दोन बोटं आत जातीन इतके सैल. 'स्वयंवर' केलं तवा पदाच्या आधी हे इंगेत माह्याकडं येत, मी अजून एक बंद सोडून दे."

मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर जयशंकर नावाचे नट 'सौभाग्यसुंदरी'मधल्या कामापासून जन्मभर 'सुंदरी' म्हणून ओळखले गेले. सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. बालगंधर्वांनाही १९६४ साली तोच मान मिळाला. त्याच सुमारास मेहकरच्या या खोलीत कंदिलाच्या उजेडात जे चालले होते, त्याची नोंद कुठे असणार?

१९६८ साली घरच्या एका लग्नात व्याह्यांकडच्या कुणीतरी पंगतीत हाक मारली, "काय रुक्मिणीबाई, वाढता का?" सगळे हसले. रात्री माझ्या आजोबांनी धाकट्या भावाला पेटी बंद करायला सांगितली. नानांनी ती बंद केली आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षे उघडली नाही. "पण दर दिवाळीले डांबरगोळ्या बदलाले मले सांगत," आजी म्हणाली.

फोटोच्या दिवसाची आठवण मी तिला सांगितली. माफी मागायची होती, पण कोणाची, ते कळेना.

"तू काहून रडतं? त्या दिवशी हे मले रात्री म्हणे, पोरीनं पाह्यलं त 'ही कोण' म्हणे. 'हा कोण' नाही म्हणे. लय खुश व्हते."

मी उठून बाहेर ओट्यावर गेले. आत लेक आजीला काहीतरी विचारत होती. थोड्या वेळाने हसण्याचा आवाज आला म्हणून दारातून डोकावले. नानीआजीने स्टीलची कळशी कमरेवर घेतली होती. रिकामीच. शहाऐंशी वर्षांची ती वाकलेली म्हातारी जुन्या नऊवारीत चुलीपासून उंबऱ्यापर्यंत चालत गेली आणि वळली. तिच्यामागून माझी लेक, एक हात हवेत कळशीसारखा धरून, पाऊल मोजत चालत होती.

"श्वास नको कोंडू," आजी पुढे पाहूनच म्हणाली. "पाय टाक, बाकीचं आपोआप होते."

पेटी आता माझ्याकडे आहे. ती रबरी वस्तू मेहकरलाच राहिली. आजीने तिने काय केले ते मी विचारले नाही. यंदा जूनमध्ये संगीत रंगभूमीचा पाठ आला तेव्हा मी बालगंधर्वांपाशी थांबले, पिशवीतून जांभळी चोळी काढून टेबलावर ठेवली आणि मुलांना म्हटले, "ही माझ्या नानाआजोबांची."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसले. मी थांबले नाही. बाहीची शिवण आत का घेतली आहे, तिथून सुरुवात केली.